मागची खोली रिकामी करायची आहे, सासूबाई एक डबा हलवू देत नाहीत. काय करू?

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. किती दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणून राहिली होती, आज कूलरच्या स्टँडला पायाची करंगळी ठेचली आणि त्याच रागात फोन घेऊन बसली, त्यामुळे जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमचं घर नागपुरात नंदनवनला, सासऱ्यांनी बांधलेलं, खाली तीन खोल्या वर दोन. खालची एकदम मागची खोली दहा बाय बाराची, तिला आमच्या घरी कूलरची खोली म्हणतात, यावरूनच समजून जा. मुलगी यंदा दहावीला आहे, तिला तिथं टेबल टाकून देऊ असं मार्चमध्ये कबूल केलं होतं, आता पोळा तीन आठवड्यांवर आला आणि ती अजून डायनिंग टेबलवर कुकरच्या शिट्ट्या मोजत भूमिती करून राहिली.

आता खोलीत काय आहे ते ऐका. तीन कूलर, त्यातला एक लोखंडी, माझ्या लग्नाच्या आधीचा. त्यांचे तीन स्टँड. गव्हाच्या पत्र्याच्या दोन कोठ्या. पाण्याचे पितळेचे चार गुंड, एक तांब्याचा बंब. चौदा गाद्या (हो चौदा, मी मोजल्या) आणि त्यावर रजयांचा डोंगर. इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी. पाठ मोठी असलेला जुना टीव्ही. सासऱ्यांच्या कागदांच्या दोन ट्रंका, ते जाऊन सहा वर्षं झाली पण ट्रंक कोणी उघडली नाही. तान्ह्या पोळ्याचा (लहान पोरांच्या पोळ्याचा) लाकडी नंदी, मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, आता तो कोण ओढणार? आणि वर सज्जा (माळा) आहे तो तर मी लग्न होऊन आल्यापासून पूर्ण पाहिलाच नाही. महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) कोठ्या आणि मुखवटेही तिथंच असतात, पण त्याला हात लावायचा प्रश्नच नाही, ते वेगळं.

नवरा म्हणते राहू दे नं, काय खाऊन राहिलं तुझं? सासूबाई काही म्हणतच नाहीत, नुसत्या पाहतात.

आणि एक चूक माझ्याकडून झाली तीही सांगून टाकते. मे महिन्यात आई, म्हणजे सासूबाई, अमरावतीला नणंदेकडे गेल्या होत्या, तेव्हा मी कबाडीवाल्याला बोलावून एक फुटका कूलरचा टब, लोखंडी घमेली आणि एक गंजलेलं डबडं असं काहीतरी देऊन टाकलं. ते डबडं म्हणजे पायली होती, धान्य मोजायची, त्यांच्या सासूची. मला खरंच माहीत नव्हतं. आल्या, खोलीत एक चक्कर मारली, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑटो करून एकट्या कबाडीच्या दुकानात गेल्या आणि १५० रुपये देऊन ती पायली परत घेऊन आल्या! तेव्हापासून रोजचे तांदूळ माझ्यासमोर त्या पायलीत घेतात. कुकरला दोन वाट्या लागतात आमच्या.

तर प्रश्न असा की सुरुवात कुठून करू, आणि भांडण न होता कशी करू. महालक्ष्म्यांना पाहुणे येतात, त्याच्या आधी खोली मोकळी पाहिजे.

झिरोमाइलवाला

ताई, माणसांचं मला काही समजत नाही, कूलरचं समजते, तेवढं सांगतो.

तीन कूलर म्हणजे अर्धी खोली गेली, पण कूलरच्या पोटात केवढी जागा असते ते कोणी पाहतच नाही. ताट्या, म्हणजे बाजूच्या वूडवूलच्या (लाकडी भुशाच्या) जाळ्या, काढल्या की आत पूर्ण पोकळ आहे. पंप, पाइप, वायर, स्टँडचे नटबोल्ट एका पिशवीत बांधून आतच ठेवून द्या, म्हणजे मार्चमध्ये शोधाशोध नाही. स्टँड खोलता येत असतील तर खोलून भिंतीला उभे लावा. जुन्या ताट्या ठेवू नका, वूडवूल एकदा पावसाळ्यात दमट राहिलं की वास धरते आणि पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी घरभर तो कुबट वास. त्या टाकून द्या, नवीन मार्चमध्ये घ्या, एप्रिल लागला की भाव वाढते. जाळीदार हनीकोंबवाल्या असतील तर त्या ठेवा, धुवून वाळवून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकी घासली होती का तुम्ही ठेवायच्या आधी? नुसतं पाणी काढून उपयोग नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीला चिकटून बसतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत, पाणी मिळालं की पुन्हा सुरू. ब्रशनी घासूनच काढावी लागतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर ती पांढरी खपली चढली असेल, तिच्यावर व्हिनेगर टाकून तासभर ठेवा, निघते. पंपही तसाच, व्हिनेगरच्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचा.

आता लोखंडी कूलर. ताई हात जोडून सांगतो, तो कबाडीत देऊ नका. पहिले पाहा टाकीचा पत्रा खालून सडला का. नसेल सडला तर रेड ऑक्साइड मारून घ्या, तसली हवा आताचा कोणताच प्लास्टिकवाला देत नाही. ४५ च्या वर पारा गेला की समजते.

धंतोलीकाकू

संत्राबर्फी, बाळा, मी तुझ्या सासूच्या वयाची आहे म्हणून तिच्या बाजूनं बोलते, राग मानू नको.

पायली म्हणजे डबडं नव्हे गं. आमच्या काळी खळ्यावरून धान्य आलं की घरातली मोठी बाई पायलीनं मोजून घ्यायची, पहिली पायली देवाला. ज्या बाईच्या हाती पायली तिच्या हाती घर. तू ती नकळत दिलीस ते समजलं, पण त्यांना काय दिसलं असेल त्याचा विचार कर.

आता उपाय सांगते. तू त्या खोलीत जाऊन "आई हे काढू का, ते काढू का" विचारतेस नं? तसं विचारलं की कोणीही नाहीच म्हणणार, मीही म्हणते, माझी सून विचारते तेव्हा. त्याऐवजी त्यांना दारात खुर्ची टाकून दे, चहा दे, आणि म्हण आई मला यातलं काय कोणाचं ते माहीत नाही, तुम्ही सांगा मी पुसून लावते. बस्स. फेकायची गोष्टच काढायची नाही. पहिल्या दिवशी एकही वस्तू घराबाहेर जाणार नाही, जाऊ दे. त्या बोलतील, हे गुंड कोणाच्या लग्नातले, हा बंब कोणी आणला. बोलून झालं की माणसाचा हात सैल होतो, आणि मग त्याच म्हणतात की हे काय कामाचं, देऊन टाक.

चौदा गाद्यांचं मला एकदम समजलं. पूर्वी घरात लग्न म्हणजे गावाकडची पन्नास माणसं पंधरा दिवस राहायची, गाद्या नसल्या की लोकं नाव ठेवायचे. आता पाहुणा सकाळी येतो अन् संध्याकाळच्या गाडीनं जातो. तरी आपल्याला वाटते की एखाद्या वेळी लागल्या तर? तर त्यांना हे सांग की बिछायत केंद्रातून गाद्या, उशा, चादरी सगळं धुतलेलं भाड्यानं येते, घरपोच. मी माझ्या दहा गाद्यांचा कापूस पिंजाऱ्याकडे नेऊन चार चांगल्या करून घेतल्या. टाकल्या असं मनाला वाटलं नाही, दहाच्या चार झाल्या एवढंच.

बेसा_टू_बुटीबोरी

मी आत्ताच नवीन फ्लॅटमध्ये शिफ्ट झालो, माझा अनुभव सांगतो, ऑनलाइन ते पारदर्शक झाकणाचे मोठे डबे मिळतात, चाकवाले, आणि रजयांसाठी हवा काढायच्या पिशव्या, व्हॅक्यूम क्लीनर लावला की रजई पापडासारखी चपटी होते. वीस-पंचवीस डबे एकदम मागवून टाका, लेबल लावा, दोन दिवसांत खोली क्लीन. फोटोत इतकं मस्त दिसते नं.

मेडिकलचौक_७७

भाऊ थांबा. ही चूक मी केली आहे, बायको अजून ऐकवते. आधी डबे आणले, मग त्या डब्यांत तोच कचरा नीट घडी करून भरला, आणि मग डबे ठेवायला जागा नाही म्हणून एक रॅक आणला. पसारा तेवढाच राहिला, वरून सहा हजार गेले. डबे सगळ्यात शेवटी, जे उरेल ते मोजून.

कापसाच्या रजया त्या पिशवीत जास्त दिवस ठेवू नका, दबून गोळे होतात, आणि जराशी ओल राहून गेली तर पावसाळ्यानंतर पिशवी उघडायची हिंमत होणार नाही. आमची आजी ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकायची, वेखंड टाकायची, मी डांबराच्या गोळ्या टाकतो. पण घालायच्या आधी दोन कडक उन्हं दाखवायची, आणि हे आता ऑगस्टमध्ये नाही होणार, ऑक्टोबर हीटमध्ये करा.

दुसरं, ट्रंका भिंतीला चिकटून जमिनीवर असतील तर आजच खाली दोन विटा द्या. आमच्याकडे उदळी (वाळवी) लागली होती, बाहेरून पुठ्ठा एकदम चांगला दिसत होता, हात लावला तर आत नुसती माती. वडिलांची सगळी पुस्तकं गेली.

मेलेली बॅटरी कबाडीला देऊ नका, नवीन घेताना बॅटरीच्या दुकानात दिली की जुनीचे पैसे कापून देतात, शिसं असते नं तिच्यात. पाठवाल्या टीव्हीच्या काचेतही शिसं असते, तो फोडू देऊ नका कोणाला, कबाडीवाले तांब्यासाठी तिथंच दारात फोडतात. ई-कचऱ्यातच द्या. आणि रद्दी मोजायला स्वतःचा वजनकाटा ठेवा, वजनकाटा पाहिला की त्यांचा तराजू आपोआप खरा होते.

महालचा_मुन्शी

सासऱ्यांच्या ट्रंकांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी वकिलाकडे कारकून आहे, रोज हेच पाहतो.

ती ट्रंक ना फेका, ना तशीच ठेवा. एक रविवार काढा आणि कागद अन् कागद पाहा. नंदनवनचं घर म्हणजे प्लॉटची रजिस्ट्री कुठं आहे, मंजूर नकाशा कुठं आहे, आखीव पत्रिकेवर (सिटी सर्व्हेच्या मालकीच्या उताऱ्यावर) नाव कोणाचं आहे, हे तुम्हाला किंवा भाऊजींना आत्ता सांगता येईल का? बहुतेक नाही, राग मानू नका. लेआउटचा प्लॉट असेल आणि नासुप्रकडून (नागपूर सुधार प्रन्यासकडून) नियमित करून घेतला असेल तर आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आणि त्याच्या डिमांडचे पैसे भरल्याची पावती, हे सोन्यासारखं सांभाळा. विकताना, लोन घेताना, वर मजला चढवताना, पहिला कागद तोच मागतात, आणि लोकं तोच कागद जुनी पावती म्हणून रद्दीत देऊन मोकळे होतात. घर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर वारसांची नावं चढवायचं कामही याच निमित्तानं हातावेगळं करा, सहा वर्षं म्हणजे खूप झाली.

रजिस्ट्री, नकाशा, आरएल, आखीव पत्रिका, मृत्यूचा दाखला, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हे कायमचं. घरटॅक्सच्या पावत्या मी तरी सगळ्या ठेवा म्हणेन, पातळ कागद असतात, जागा किती लागते? इन्कमटॅक्सचे कागद सात-आठ वर्षांचे. विजेची बिलं मागच्या दोन-तीन वर्षांची पुरे, आमच्याच घरी एसएनडीएलच्या (आधीच्या वीज कंपनीच्या) वेळची बिलं निघाली होती गठ्ठ्यानं, कंपनी २०१९ मध्ये गेली, बिलं राहून गेली. मिक्सर, फ्रीजचे वॉरंटी कार्ड ज्यांचे मिक्सर, फ्रीज घरात नाहीत ते बिनधास्त फाडा. फाडा म्हणजे हातानं फाडा, सही, खाते नंबर असलेला कागद अख्खा रद्दीत जाऊ देऊ नका.

आणि लॅमिनेशन करू नका मूळ कागदांचं. हौशी लोकं रजिस्ट्री लॅमिनेट करून आणतात, मग आम्ही कपाळावर हात मारतो.

संत्राबर्फी

बाप्पा, एवढी उत्तरं! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. टाकी घासली नव्हती, आज घासली. विटाही ठेवल्या.

काकू तुम्ही लिहिलेलं वाचून मला दोन मिनिटं काही सुचलंच नाही. रविवारी खुर्ची टाकून पाहते. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणते "कोण आहे ही काकू, आईला ओळखते का?"

एक हिशोब मात्र मी स्वतः केला. आम्ही दरवर्षी तीन क्विंटल गहू भरतो कारण "आपल्याकडे तीन क्विंटलच लागते". आता घरात चार माणसं, मुलगा होस्टेलला, आई रात्री पोळी खात नाहीत. महिन्याचं दळण १५ किलो, म्हणजे वर्षाचं १८० किलो. उरलेल्याला दरवर्षी सोंडे लागतात आणि मी दरवर्षी चाळत बसते. म्हणजे दुसरी कोठी आम्ही किड्यांसाठी ठेवली आहे.

जागनाथबुधवारी

वाचून मजा आली. आमच्या घरचा नियम सांगतो, ताई तुमच्या तारखेत बरोबर बसते म्हणून.

आमच्याकडे वर्षातून एकदाच साफसफाई होते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, म्हणजे इडापिडा गावाबाहेर न्यायला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी. दिवाळीत नाही. दिवाळीत बायकांना फराळ असते, पाहुणे असतात, सगळे चिडलेले असतात, त्यात माळा काढायचा म्हणजे भांडणच. मारबतीला सुट्टी असते, पोरं घरी असतात, रस्त्यावर "घेऊन जा गे मारबत" सुरू असते. माझ्या वडिलांनी कधीतरी गमतीत सुरू केलं की घरातल्या प्रत्येकानं स्वतःची एक तरी नको असलेली वस्तू आदल्या रात्री फाटकापाशी आणून ठेवायची. दुसऱ्याची नाही, स्वतःची! हा नियम महत्त्वाचा. दुसऱ्याची वस्तू फाटकावर आणली की दंड म्हणून त्यानं सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालायचे. मागच्या वर्षी मी बायकोची तुटकी इस्त्री ठेवली तर नऊ जणांचे पोहे मला पडले.

मिरवणूक पाहून आलो की वाटणी होते, काय कबाडीला, काय धुणीभांडीवाल्या ताईंना विचारून, काय दुरुस्तीला. चारच दिवसांनी गणपती, त्यामुळे घर आपोआप रिकामं मिळते.

धंतोलीकाकू

हे फार आवडलं मला. स्वतःची वस्तू, दुसऱ्याची नाही. आमच्या ह्यांना सांगते.

संत्राबर्फी

अपडेट द्यायला आली. लांब आहे, पण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलं म्हणून सगळं सांगते.

पहिल्या रविवारी खुर्ची टाकली. आई बसल्या. दोन तास एकही वस्तू हलली नाही, फक्त गोष्टी. बंब त्यांच्या वडिलांनी दिला होता, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, कारण पोरीला थंड पाण्याची सवय नाही म्हणून. मी २१ वर्षं या घरात आहे, मला हे माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे नवऱ्यालाही माहीत नव्हतं, तो दारात उभा राहून ऐकत होता. संध्याकाळी आई स्वतः म्हणाल्या गुंड दोन ठेव, दोन नणंदेला दे, तिनं मागितले होते, तेव्हा मीच नाही म्हटलं होतं. बंब आता समोरच्या खोलीत आहे, चिंच लावून घासला, त्यात मनीप्लांट आहे. थोडं हॉटेलसारखं दिसते पण असू दे.

गाद्या पाच राहिल्या. आमच्या इथला पिंजारी आता कापूस पिंजत नाही, नुसत्या फोमच्या गाद्या विकते, त्यामुळे बरंच फिरावं लागलं.

दुसऱ्या रविवारी ट्रंका. मुन्शी भाऊ, तुमचे कसे आभार मानू, आरएल लेटर निघालं, कशात तर मुलाच्या बारशाच्या आहेराच्या वहीत! रजिस्ट्री मात्र तिथं नव्हती, ती आईंच्या कपाटात साड्यांखाली होती, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, कोणी विचारलंच नाही म्हणाल्या. घर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. सोमवारी नवरा जाणार आहे चौकशीला, असं मागचे दोन सोमवार म्हणून राहिला.

आणि मग मारबत. मी मोठ्या उत्साहानं सगळ्यांना नियम सांगितला, स्वतःची वस्तू, दुसऱ्याची नाही. आईंनी नीट ऐकून घेतला. रात्री फाटकापाशी काय आलं? मुलीनं तिच्या पाचवी ते आठवीच्या वह्या आणल्या. नवऱ्यानं पाठवाला टीव्ही उचलून आणला, त्याच्यावर एक मिनिट हात ठेवून उभा होता, २००३ ची वर्ल्डकप फायनल पाहिली होती म्हणे त्यावर, ती हरलोच होतो नं आपण! आईंनी दुसरी गव्हाची कोठी काढायला लावली. मला वाटलं झालं.

मग आई माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "तुझं काय?"

माझं म्हणजे काय, मी म्हटलं, माझं तर काहीच नाही त्या खोलीत. तर त्यांनी मला हात धरून जिन्याखाली नेलं. तिथं माझ्या ऑनलाइन खरेदीचे रिकामे खोके, रिटर्न करायला लागतील म्हणून ठेवलेले, तीन वर्षांचे. लॉकडाऊनमध्ये घेतलेली व्यायामाची सायकल, तिच्यावर माझ्या ओढण्या अन् टॉवेल. केक करायचा ओव्हन, एकदा वापरलेला. एकाही वस्तूला त्यांनी हात लावला नाही, नियम होता नं. नुसत्या उभ्या राहून पाहत होत्या.

मी मुकाट्यानं सतरा खोके चपटे करून फाटकावर आणले. सायकल राहू द्या म्हटलं, या हिवाळ्यात करणार आहे.

खोली रिकामी झाली का? पूर्ण नाही. दोन प्लास्टिकचे कूलर जिन्याखाली गेले, खोक्यांच्या जागी. टेबल लागलं, मुलगी अभ्यास करते, तिच्या टेबलवर लाकडी नंदी आहे, तिनंच ठेवून घेतला, शिंगांना हेडफोन अडकवते. महालक्ष्म्यांना पाहुणे जेवून गेले, तेव्हा एका मामींनी विचारलं की एवढी मोठी खोली कधी बांधली. पायली स्वयंपाकघरातच आहे. तांदूळ अजून त्यातच घेतात, पण काल मला म्हणाल्या, तू घे आज, माझे हात ओले आहेत.

सज्जा पुढच्या मारबतीला.

झिरोमाइलवाला

ताई सगळं ठीक आहे पण लोखंडी कूलरचं काय झालं ते लिहिलंच नाही तुम्ही?

संत्राबर्फी

तो सध्या अंगणात आहे. पत्रा सडला नाही, पंखा चालते पण विमानासारखा आवाज करते. नवरा म्हणते कबाडी, आई म्हणतात राहू दे. मी काहीच म्हणत नाही.

झिरोमाइलवाला

पंख्याच्या मोटरचं बुश गेलं असेल, पन्नास-शंभराचं काम आहे. द्यायचाच झाला तर पहिले मला सांगजा, रविवारी टेम्पो घेऊन येतो.